रॉकेट कशाला रेटतं

वरवट बकालच्या बाजारात बेगड दिसायला लागली की माझं डोकं फिरतं. सोनेरी, चंदेरी, जांभळी, दुकानांच्या दारांवर झुलत असते. शेजारी शिंगांचा ऑइलपेंट, मातीचे बैल, गोंडे, घुंगरांच्या माळा. पोळा आठ दिवसांवर आला की घाटाखालचा हा सगळा मुलूख नटायला लागतो. ज्यांच्या दारात बैल उरले नाहीत ते ट्रॅक्टरच्या बोनेटला बेगड चिकटवतात आणि वर त्याला पुरणपोळीचा घास दाखवतात. दाखवोत बापडे. माझं भांडण ट्रॅक्टरशी नाही. ती सोनेरी बेगड बघितली की मला चंद्रावर उतरलेलं यान आठवतं, आणि यान आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

मी घाटावरचा, चिखलीचा. सव्वीस वर्षांपूर्वी इकडच्या एका गावात विज्ञानाचा मास्तर म्हणून लागलो. वरवट बकालला खोली घेतली, शनिवारी एस.टी.नं चिखलीला, सोमवारी परत. इथलं ऊन मला खपलं नाही, खारं पाणी खपलं नाही, आणि माणसं तर अजिबातच नाही. आमच्याकडे मला-तुला म्हणतात, हे मले-तुले म्हणतात, कळलंला कयलं आणि ओळखलंला वयखलं म्हणतात. एवढ्याशा भांडवलावर मी सव्वीस वर्षं स्वतःला शहाणा समजत आलो. मला कोणी घरी जेवायला बोलावलं तर मी पोटाचं कारण सांगायचो. पुढंपुढं त्यांनी बोलावणंच सोडलं आणि मी त्याला शांतता म्हणायला लागलो.

यान उतरायचं होतं तो दोन वर्षांपूर्वीचा श्रावण. मूग निघाला होता. शेंगा तोडून पोरींची बोटं काळी पडलेली, वर्गात ओल्या टरफलांचा आंबूस वास, आणि त्या वासावर बसलेल्या माश्या. अशात आमच्या मुख्याध्यापकांना वरून पत्र आलं, की यान उतरताना सर्वांना दाखवावं आणि लोकांच्या शंकांचं निरसन करावं. मुख्याध्यापक हा माणूस पत्राच्या पलीकडं आयुष्यात गेलेला नाही. त्यानं तक्रारपेटी झटकली, तिच्यावर 'शंकापेटी' असा कागद डकवला आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर नेऊन ठेवली. झटकताना आत दोन जुन्या तक्रारी निघाल्या. एक पंख्याची, एक माझी. माझी कोणती ते मी वाचलं नाही, तशीच फाडून टाकली.

आठ दिवसांत पेटी भरली, आणि ती माझ्या टेबलावर येऊन पडली. काय सांगू राजेहो, एकेक चिठ्ठी म्हणजे नमुना होता. रॉकेट समुद्राकाठूनच काऊन सोडतात, आपल्या जिल्ह्यातून काऊन नाही? आकडे उलटे काऊन मोजतात? दुसऱ्यांचं चार दिवसांत पोचलं, आपल्याले चाळीस दिवस कायले लागतात? यानाले सोन्याचा पत्रा गुंडाळला, तो परत आनतात का तथीच सोडतात? एकानं तर लिहिलं होतं, उतरताना छत्री काऊन नाही लावत. मी चिठ्ठ्या वाचत होतो आणि नाकानं हसत होतो. हेच प्रश्न सगळीकडं लोक विचारतात, शहरातले मोठमोठे साहेबही विचारतात, हे मला ठाऊक होतं. पण साहेबानं विचारलं की ते कुतूहल, आणि मूग तोडणाऱ्यानं विचारलं की तो अडाणीपणा, असा माझा हिशेब होता.

त्या श्रावणात शोभाबाई माझ्याकडं शिकत होती. शोभाबाई म्हणजे शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी बाई. तिशीची, आठवी झालेली, सुट्टीच्या दिवशी सातपुड्याकडच्या संत्र्याच्या बागांमध्ये पाणी द्यायला जाणारी. तिला अंगणवाडीत लागायचं होतं. त्याला बारावी पाहिजे, बारावीला आधी दहावी पाहिजे, आणि दहावीला बाहेरून बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरायचा होता. त्याची मुदत त्या वर्षी पोळ्यानंतर लगेच संपत होती. बाकीचे विषय निघतील म्हणाली, भीती विज्ञानाची. म्हणून खिचडीचे गंज, म्हणजे मोठाली पातेली, घासून झाले की ती नववीच्या रिकाम्या वर्गात अर्धा तास येऊन बसायची, हात पदराला पुसत. मी तिला शिकवत होतो म्हणणं खोटं आहे. मी आरामात मागं रेलून पुस्तकातलं वाचून दाखवत होतो आणि मनात म्हणत होतो, बघू किती दिवस टिकते. फॉर्म भरायचा की नाही हे तिचं अजून नक्की होत नव्हतं.

यान उतरायच्या संध्याकाळी शाळेचा हॉल भरला. टीव्ही लावलेला, मुख्याध्यापकांनी पुठ्ठ्याचं रॉकेट करून त्याला पोळ्याची बेगड चिकटवलेली. यान उतरायला तासभर होता तेवढ्यात मी माइक घेतला आणि चिठ्ठ्यांची उत्तरं द्यायला लागलो. समुद्राकाठी कशाला, तर रॉकेटचे रिकामे झालेले भाग खाली गळून पडतात, ते माणसांच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून. आणि पूर्वेकडं उडवलं की पृथ्वी फिरते त्याचा धक्का फुकट मिळतो. चाळीस दिवस कशाला, तर आपलं रॉकेट लहान, म्हणून यान पृथ्वीभोवती फेऱ्या मारत, फेरी वाढवत वाढवत जातं. सोन्याचा पत्रा म्हणजे सोनं नव्हे, चकाकणारा पातळ कागद असतो, ऊन आणि थंडी आवरायला. छत्रीच्या चिठ्ठीवर मी मुद्दाम थांबलो, सगळ्यांना हसू दिलं, आणि मग सांगितलं की चंद्रावर हवाच नाही, तर छत्री फुगणार कशात? टाळ्या पडल्या.

पुढची चिठ्ठी होती, रॉकेट वर जाते ते कशानं. ही तर माझ्या नववीच्या पोरांची एका मार्काची. मी तोऱ्यात सांगून मोकळा झालो, की आगीचा झोत खाली जोरात जातो, तो हवेला रेटतो, आणि हवेला रेटा देऊन रॉकेट वर उठतं. पुढची चिठ्ठी उचलली, तोच बायकांच्या रांगेतून शोभाबाई उभी राहिली. माइक नव्हता, पण आवाज तिचा खणखणीत.

"सर, आत्ता तं तुम्ही म्हनले चंद्रावर हवाच नाही. मंग उतरताना ते कायले रेटून थांबन?"

मला कळलं होतं की काहीतरी चुकलंय. काय ते कळलं नव्हतं, पण चुकलंय एवढं पोटात कळलं होतं, आणि म्हणूनच मी जास्त चवताळलो. "शोभाबाई," मी माइकवरून म्हणालो, "गंजाखालची आग वेगळी आणि रॉकेटची आग वेगळी. ज्यातलं आपल्याला कळत नाही त्यात डवला घालू नये."

खिचडी ढवळायचा डवला. लोक पोट धरून हसले. मुख्याध्यापक हसले, पोरं हसली, शोभाबाईच्या शेजारच्या बायाही पदर तोंडाला लावून हसल्या. ती मात्र बसली नाही. माझ्याकडं बघत राहिली, आणि मग सावकाश बसली.

थोड्या वेळानं यान उतरलं. हवा नाही अशा जागी, खाली झोत सोडत, वेग कमी करत करत अलगद टेकलं. हॉलमध्ये नुसता जल्लोष. कोणी गुलाल उधळला, मुख्याध्यापकांच्या डोळ्यांत पाणी. शोभाबाई टाळ्या वाजवत नव्हती. ती पडद्याकडं बघायची, आणि मग माझ्याकडं. मी पुठ्ठ्याच्या रॉकेटची बेगड सरळ करत बसलो.

दुसऱ्या दिवशी ती शिकायला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला बरंच वाटलं. म्हटलंच होतं मी, टिकणार नाही.

मग नववीला गतीचे नियम आले. क्रिया आणि प्रतिक्रिया, त्याखाली उदाहरण: रॉकेट. चोवीस वर्षं मी हे फळ्यावर लिहीत आलो होतो. पोरं उतरवून घेत आली, एकेक मार्क घेत आली. हातातला खडू थांबला तो खिडकीबाहेरच्या आवाजानं. मागच्या अंगणात शोभाबाई गंज धुवत होती. बोअरची मोटर सुरू झाली, पाण्याचा जोर आला आणि जाडा पाइप तिच्या हातातून निसटून अंगणभर फटके मारत सुटला. तोंड वर हवेत, पाणी पुढं, पाइप मागं. त्याच्या तोंडासमोर ना भिंत ना जमीन. तिनं पाय दिला, पाइप दाबला आणि पुन्हा गंज धुवायला लागली.

मी फळ्याकडं बघितलं आणि मला माझीच शिसारी आली. रॉकेट हवेला रेटत नाही. बाहेरच्या कशालाच रेटत नाही. आपल्याच पोटातला वायू जोरानं मागं फेकतं, तो वायूच त्याला पुढं लोटतो, म्हणून त्याला हवा लागत नाही की जमीन लागत नाही. फळ्यावर माझ्याच अक्षरात ते लिहिलेलं होतं. चोवीस वर्षं मी बरोबर उत्तर लिहून देत होतो आणि मला ते येत नव्हतं. जी बाई बागेत दिवसदिवस पाइप धरून उभी राहते तिच्या खांद्याला ते ठाऊक होतं. तिनं भर हॉलमध्ये तेच विचारलं, आणि मी तिला डवला दाखवला.

त्याच वेळी खाली जाऊन सांगायला पाहिजे होतं. अंगण ते काय, वीस पावलांवर. मी नाही गेलो. पोरांसमोर खिचडीवालीची माफी मागायची, हे माझ्या जिवाला झेपणारं नव्हतं. पोळा होऊन जाऊ दे म्हटलं, मग बघू.

शाळा आहे त्या गावचा पोळा म्हणजे झडत्या. संध्याकाळी वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली बैल उभे करतात, आणि मग तोरण तुटेपर्यंत गावकरी एकेक जण पुढं होऊन झडती म्हणतो. चार-सहा ओळी, कोणाचीही टर उडवणाऱ्या, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून महादेवाचा गजर करायचा. सरपंच असो की सावकार, कोणाला माफी नाही. ज्याची टर उडाली त्यानं रागवायचं नाही. पटत नसेल तर हात वर करायचा, गलका थांबतो, आणि त्यानं झडतीनंच उत्तर द्यायचं. पण इथं एक रीत आहे. ज्या झडतीला उत्तर येत नाही ती खरी धरतात, आणि पुढच्या पोळ्याला ती पुन्हा म्हणतात.

त्या पोळ्याला पिठाच्या गिरणीचा तुळशीराम पुढं झाला. हा आमच्या गावचा झडत्या रचणारा. अंगावर कायम पीठ, आणि जिभेवर कायम कोणीतरी. त्यानं माझ्याकडं बघून डोळा मारला आणि सुरू केलं:

चंद्रावर गेलं यान, मास्तरनं देल्लं ग्यान,
खिचडीवाली पुसते, त्याले कोन ढकलते?
मास्तर म्हने बाई, तुले अक्कल नाही,
हवेले रेटते यान, तू गंजाकडं दे ध्यान!

गजर झाला. बैल बिचकले, घुंगरं वाजली. बायका एका ओट्यावर उभ्या होत्या, त्यात शोभाबाई. आपल्यावरच झडती आहे म्हणून सगळे तिच्याकडं बघत होते, आणि ती माझ्याकडं बघत होती. माझा हात माझ्याच अंगाला चिकटून राहिला. मला खरं ठाऊक होतं. साऱ्या वेशीत एका शोभाबाईला आणि मला ठाऊक होतं. तुळशीरामनं दोनदा विचारलं, उत्तर हाये का बे कोनाजोळ? मी गालातल्या गालात हसलो, झडती मला आवडली असं दाखवून. चार दिवसांनी फॉर्मची मुदत संपली. शोभाबाईनं आमच्या शाळेतून फॉर्म भरला नाही, एवढं मी ऑफिसातल्या यादीत चोरून बघितलं.

नालायकपणाला एक सवय असते, तो पहिल्या वर्षी बोचतो आणि दुसऱ्या वर्षी अंगवळणी पडतो. दुसऱ्या पोळ्याला तुळशीरामनं तीच झडती पुन्हा म्हटली, आणि या वेळी अर्धं गाव त्याच्याबरोबर म्हणत होतं. शाळेत पोरं दोरीवरच्या उड्या मारताना ती म्हणायला लागली. एका पोरीनं चाचणीच्या पेपरात लिहिलं, रॉकेट हवेला रेटते. मी लाल शाईनं काट मारली. कुठून शिकलीस म्हणून विचारायची सोय नव्हती.

या काळात मी स्वयंपाकघराकडं फिरकलो नाही. खिचडीची चव बघायची पाळी आली की दुसऱ्या मास्तरला द्यायचो. यान उतरवणं अवघड का असतं, तर चढायला जोर पुढचा लागतो आणि उतरायला आपल्याच वेगाच्या उलट लावावा लागतो, नाहीतर ते आदळतं. हे मी आता पोरांना अगदी झकास समजावून सांगतो. स्वतः मात्र दोन वर्षं त्याच उंचीवर घिरट्या घालत राहिलो.

यंदा बाजारात बेगड दिसली आणि माझ्याच्यानं राहवेना. कागद घेतला, चार ओळी जुळवल्या, खोडल्या, पुन्हा जुळवल्या. सव्वीस वर्षं ज्या बोलीला नाक मुरडलं तीत लिहायला बसलो तर एकेक शब्द हाताखालून सटकायचा. पोळ्याला वेशीत गेलो. तुळशीरामनं आपली ठरलेली झडती म्हटली, गाव त्याच्याबरोबर म्हणालं, आणि उत्तर हाये का म्हणून त्यानं सवयीनं विचारलं. मी हात वर केला. गलका असा थांबला की बैलाच्या शेपटीचा आवाज यावा. मी कागद उलगडून वाचला:

रॉकेट रेटते हवेले, हे मास्तर सांगे गावाले,
पाइप धरनारीनं वयखलं, मास्तरले नाही कयलं,
खरी होती बाई, खोटा होता मास्तर,
दोन पोये गप बसला, त्याच्या तोंडाले अस्तर!

मग तुळशीराम हसला, आणि त्याच्यामागून सगळं गाव. असं हसणं मी आयुष्यात दुसऱ्यांवर उडवलेलं होतं, आपल्यावर कधी झेललं नव्हतं. गजर झाला, तोरण तुटलं, बैल धावले. शोभाबाई ओट्यावर होती की नाही ते मला धुळीत दिसलं नाही.

दोन दिवसांनी शाळा उघडली आणि मी ती वीस पावलं गेलो. ती मूग निवडत बसली होती. मी उभ्यानंच सांगितलं, की त्या दिवशी तुमचं बरोबर होतं, माझं चूक होतं, आणि माझ्यापायी तुमची दहावी राहिली. यंदा फॉर्म भरा, मुदत अजून आहे, विज्ञान मी शिकवतो, या वेळी खरं शिकवतो. तिनं खडा काढून बाजूला टाकला.

"दहावी झाली, सर. मागल्या सालीच."

ती निवडता निवडताच सांगत गेली. फॉर्म तिनं तालुक्याच्या शाळेतून भरला होता. बुद्धविहारातल्या अभ्यासिकेत पोलीस भरतीच्या पोरी बसायच्या, त्यांच्यात बसून अभ्यास केला. निकाल लागला तेव्हा साऱ्या शाळेत पेढे वाटले होते, तुमच्या टेबलावरही ठेवला होता, म्हणाली. मला आठवलं. पेढा मी खाल्ला होता. कशाचा ते विचारलं नव्हतं. साऱ्या गावाला ठाऊक होतं, साऱ्या शाळेला ठाऊक होतं. मला कोण सांगणार, मी कोणाशी बोलत होतो? दोन वर्षं मी एका बाईचं आयुष्य बुडवल्याचं ओझं वाहत होतो, आणि तेसुद्धा माझाच मोठेपणा होता. माझ्या एका वाक्यानं ती बुडेल, असं मीच धरून चाललो होतो.

मी विचारलं, मग त्या दिवशी माझा राग येऊन शिकणं सोडलंत का?

"राग कायचा, सर?" ती म्हणाली. "रॉकेट कायले रेटते ते मले माहीतच होतं. रोज पाइप धरतो आमी. तुमाले येते का नाही, ते पाहून राह्यली होती मी. फॉर्म भराचा होता नं. ज्याच्याजोळ शिकाचं त्याले पयले इचारून पाहा लागते."

तिनं सूप आपटलं, टरफलं उडवली. सव्वीस वर्षांत माझी परीक्षा कोणी घेतली नव्हती. जिनं घेतली तिनं मला नापास करून, निकाल न सांगता, आपला रस्ता धरला होता. मी जायला वळलो.

"सर," ती मागून म्हणाली. "यंदा बारावीचा फॉर्म हाये. इंग्रजी येत नाही मले. तुमाले येते का?"

येतं, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी तिच्यासमोर खाली जमिनीवर बसलो, सुपातला मूठभर मूग पुढं ओढला आणि म्हणालो, "विचारून पाहा."